चालू खाते: अ‍ॅप छान आहे हो, पण रात्री फोन कोण उचलतो?

चालू खात्याबद्दल येणाऱ्या पत्रांमध्ये एकच गैरसमज फिरून फिरून येतो. बचत खात्याला जे संरक्षण आहे तेच चालू खात्यालाही आहे, असे लोक धरून चालतात. तसे ते नाही.

प्रश्न : माझे छोटे किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकांचे पैसे माझ्या बचत खात्यातच येतात. वेगळे चालू खाते काढलेच पाहिजे का? (कराड)

हो. बचत खाते धंद्याच्या उलाढालीसाठी नसते आणि बँक त्यावर कधीही बोट ठेवू शकते. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, म्हणून गरजेपेक्षा जास्त रक्कम तिथे पडू देऊ नका.

प्रश्न : एका बँकेचा माणूस 'झिरो बॅलन्स करंट अकाउंट, सगळे ऑनलाइन फुकट' म्हणून मागे लागला आहे. घ्यावे का? (नाशिकरोड)

त्याच्याकडून आधी शुल्कपत्रक मागा, माहितीपत्रक नव्हे. माहितीपत्रकात हसरे दुकानदार असतात, शुल्कपत्रकात आकडे असतात. 'झिरो बॅलन्स'ला बहुधा शेपूट असते: फक्त पहिले वर्ष, किंवा त्यांच्या क्यूआर कोडवर अथवा कार्ड मशीनवर महिन्याला अमुक इतकी उलाढाल झाली तरच. मशीनचे आणि साउंडबॉक्सचे भाडे वेगळे. ती उलाढाल एका महिन्यात चुकली तर काय कापले जाईल, हे लेखी घ्या.

'सगळे फुकट' याचीही फोड करून घ्या. ऑनलाइन केलेल्या एनईएफटीवर (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची सोय) शुल्क घेऊ नये, हा रिझर्व्ह बँकेचा १ जानेवारी २०२० पासूनचा नियम बचत खातेदारांसाठी आहे. चालू खात्याला बँक शुल्क लावू शकते. किमान शिल्लक मोडल्यावर आधी कळवायचे, महिन्याची मुदत द्यायची, तूट असेल त्या प्रमाणातच दंड घ्यायचा, हा नियमही बचत खात्याचाच. चालू खात्यात दंड सरसकट असू शकतो आणि वर १८ टक्के जीएसटी.

सरासरी मासिक शिल्लक म्हणजे रोज तेवढी रक्कम ठेवणे नव्हे. रोजच्या दिवसअखेरच्या शिलकांची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. सरासरी २५,००० हवी असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात १० दिवस ७५,००० आणि उरलेले दिवस शून्य असले तरी अट पुरी होते. मात्र काही बँका सरासरी तिमाहीवर काढतात, तेव्हा विचारून घ्या. तुमचा गल्ला रोख असेल, तर मोफत रोख भरण्याची मर्यादा आणि दुसऱ्या शाखेत भरल्यास लागणारे शुल्क हेच दोन आकडे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे; अ‍ॅपचा रंग नंतर बघा. आणि खात्यासोबत विमा घ्यावाच लागतो असे कोणी म्हणाले, तर ते शाखाधिकाऱ्याकडून लेखी मागा. बहुधा विषय तिथेच संपतो.

प्रश्न : एजंट म्हणतो, खात्यासाठी उद्यम नोंदणी लागते आणि त्याचे दोन हजार होतील. (लातूर)

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन घेऊन स्वतः करा. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला साधारणपणे धंद्याच्या नावाचे दोन पुरावे लागतात: गुमास्ता (दुकानाची नोंदणी), उद्यम, जीएसटी प्रमाणपत्र यांपैकी. तुमच्या शाखेला नेमके कोणते चालतात ते आधी विचारा.

प्रश्न : आम्ही दोघे भागीदार. खाते दोघांच्या सहीचे आहे. नेट बँकिंग मिळाले, पण त्यात फक्त शिल्लक दिसते, पैसे पाठवता येत नाहीत. बँक टाळाटाळ करते आहे का? (चिंचवड)

टाळाटाळ नसावी. कागदावर दोघांची सही असेल तर एकट्याच्या पासवर्डवर पैसे सोडणे बँकेला जमत नाही, म्हणून 'फक्त पाहण्याचा' अधिकार दिला जातो. यूपीआयही अशा खात्यांना बहुतेक ठिकाणी जोडता येत नाही. तुम्हाला हवी आहे ती मेकर-चेकर सोय: एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने स्वतःच्या लॉगिनमधून मंजूर करायचा. त्यासाठी बँकेचे कॉर्पोरेट किंवा बिझनेस नेट बँकिंग लागते, भागीदारांच्या सहीचे अधिकारपत्र लागते आणि प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक वेगळा नोंदवावा लागतो. कंटाळून 'कोणीही एक' असा बदल करू नका. करायचाच असेल तर आधी भागीदारी करारपत्र सीएला दाखवा.

प्रश्न : खात्याला आमच्या अकाउंटंटचा मोबाइल नंबर जोडलेला आहे, तोच सगळे बघतो. मग फोन बँकिंगची वेगळी गरज काय? आणि फसवणूक झालीच तर बँक पैसे परत देते असे ऐकले आहे. (सोलापूर)

ऐकले आहे! या दोन शब्दांपायी किती जणांचे पैसे बुडत असतील.

पहिले काम: नंबर बदला. नोंदवलेला मोबाइल म्हणजे तिजोरीची किल्ली. ओटीपी तिथे जातो, व्यवहाराची सूचना तिथे जाते, पासवर्ड विसरल्यावर नवा तिथूनच निघतो. अकाउंटंट प्रामाणिक असेलही, पण तो नोकरी सोडेल, सिम बदलेल, गावी जाईल. आणि रात्री पैसे गेल्याची सूचना तुम्हाला मिळणारच नाही. मालकाचा नंबर आणि मालकाचाच ईमेल नोंदवा, अकाउंटंटला मेकरचे लॉगिन द्या. रोजची व्यवहार मर्यादाही खाली आणा. महिन्याला चार लाखांची देणी असतील तर दिवसाला दहा लाखांची मर्यादा कशाला उघडी ठेवायची?

आता फोन बँकिंग. शिल्लक विचारायला ते नको, अ‍ॅप पुरे. फोन लागतो तो अ‍ॅप उघडत नाही तेव्हा: मोबाइल चोरीला गेला, सिम अचानक बंद पडले, नकळत पैसे गेले, चेकबुक हरवले. म्हणून खाते उघडण्याआधी एक चाचणी घ्या. रविवारी रात्री नऊ वाजता बँकेच्या तक्रार क्रमांकावर फोन लावा आणि घड्याळ बघा. कार्ड किंवा नेट बँकिंग बंद करण्याचा पर्याय पहिल्याच यादीत आहे, की जाहिराती ऐकून पाचव्या बटणावर? खरा माणूस किती मिनिटांत येतो? मराठीत बोलतो का? तुम्ही दुसऱ्या फोनवरून बोलत असाल तर तो तुमची ओळख कशी पटवून घेतो? तो क्रमांक कागदावर लिहून गल्ल्यात ठेवा. नेटवर शोधू नका, तिथे ठगांनीच पेरलेले नंबर सापडतात. बँकांची संकेतस्थळे आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात आणि सेवेसाठी येणाऱ्या बँकेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवलेले आहेत. पण १६०० दिसला म्हणून ओटीपी सांगायचा नसतो. ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन आकडे खरी बँक फोनवर मागत नाही.

राहिली भरपाई. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने चौकट घालून दिली. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, बाहेरच्या कोणी घुसून पैसे काढले, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या ३ दिवसांत (सूचना आली तो दिवस सोडून) तुम्ही कळवले, तर तुमच्यावर भार शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवले, तर लघुउद्योगांच्या चालू खात्यांना जास्तीत जास्त १०,००० आणि त्या सवलतीत न बसणाऱ्या मोठ्या चालू खात्यांना २५,००० रुपये सोसावे लागतात. सात दिवसांनंतर बँकेचे धोरण म्हणेल तसे. पण तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे प्रत्येक मिनिट तुमच्या खिशातून जाते. ही चौकट बदलू शकते, तुमच्या बँकेचे आजचे धोरण वाचून ठेवा.

आणि लोक काय करतात? 'सोमवारी शाखेत जाऊन साहेबांना भेटतो.' तोवर पैसे चार खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात. क्रम असा: बँकेला फोन, व्यवहार बंद, तक्रारीचा पोचक्रमांक लिहून घेणे, लगेच १९३० वर (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन, मग ईमेलने लेखी तक्रार, वेळेसह. शाखा त्यानंतर. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. रक्कम मोठी असेल तर वकिलाला त्याच दिवशी गाठा.

प्रश्न : एका गिऱ्हाइकाने यूपीआयने ३,२०० रुपये दिले. आता बँक म्हणते ते फसवणुकीचे पैसे होते आणि माझे सगळे खातेच थांबवले आहे. (इचलकरंजी)

बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्यातल्या पोलिसांची सूचना आहे, आणि वादातली नेमकी रक्कम. मग त्या पोलिसांना आणि बँकेला त्या विक्रीचे बिल, मालाची पावती आणि खातेउतारा जोडून ईमेल करा. मागणी स्पष्ट लिहा: अडवायची तर वादातली रक्कम अडवा, पूर्ण खाते मोकळे करा. 'खाते सोडवून देतो' म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. आठवड्यात हालचाल नसेल तर सायबर प्रकरणे पाहणारा वकील लागेल.

प्रश्न : आमची सहकारी बँक ओळखीची आहे, फोन लगेच उचलतात, पण अ‍ॅप कामचलाऊ. खाते हलवावे का? (रत्नागिरी)

फोन लगेच उचलतात ही मोठीच गोष्ट आहे, ती हलक्यात घेऊ नका. पण ओळख म्हणजे ठेवीचे संरक्षण नव्हे. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत, आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्याचे चालू खाते व तुमचे वैयक्तिक बचत खाते त्यात एकत्रच मोजले जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्यात चालू खातीही होती, म्हणजे लोकांचे पगार आणि व्यापाऱ्यांची देणी अडकली. सहकारी बँकेतले खाते ठेवा, दुसरे एक मोठ्या बँकेत उघडा, रोजचा भरणा वाटून घ्या. कॅश क्रेडिट (धंद्यासाठी बँकेने दिलेली फिरती कर्जमर्यादा) चालू असेल तर दुसरे खाते उघडण्याआधी कर्ज देणाऱ्या बँकेला विचारा. त्याचे नियम वेगळे आहेत.

प्रश्न : रविवारी आरटीजीएस होते का?

होते. मोठी रक्कम बँकेतून बँकेत लगेच पाठवण्याची ही सोय १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आहे. किमान २ लाख. पाठवण्याआधी खातेधारकाचे नाव दाखवणारी मोफत सोय वापरा, कारण पैसे नावावर नाही, खाते क्रमांकावर जातात.

प्रश्न : ओळखीचा एकजण माझे बंद पडलेले चालू खाते वापरायला मागतो. उलाढालीवर दोन टक्के देतो म्हणतो. कागदोपत्री काही अडचण येईल का?

येईल, आणि ती पोलिसांकडून येईल. देऊ नका. पासबुक, सिम किंवा चेकबुक आधीच त्याच्याकडे गेले असेल, तर आजच बँकेला फोन करून खाते बंद करायला सांगा आणि वकिलाला गाठा.