वाचक विचारतात: 'मानों लेस्को' आणि मार्लेन डीट्रिश

प्रश्न : आम्ही धरमपेठेतल्या काही मैत्रिणी दर रविवारी कोणाच्या तरी घरी जुना सिनेमा लावतो. परवा १९२६ चा जर्मन मूकपट 'मानों लेस्को' लावला, त्यात मार्लेन डीट्रिश ही प्रसिद्ध नटी आहे म्हणून, पण ती तर जेमतेम दिसली! माणसंही सगळी घाईत असल्यासारखी चालत होती. आता तो ज्या कादंबरीवरून केलाय ती वाचावी का?
- एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, डीट्रिशसाठी बसलात म्हणून निराशा झाली. तेव्हा तिला कोणी ओळखत नव्हतं, तिचं नाव झालं १९३० च्या 'ब्लू एंजल'नंतर, आणि मग जुन्या छोट्या रोलवरही तिचंच नाव मोठं छापायला लागले. हा सिनेमा ल्या दे पुत्तीचा आहे हो. हंगेरीची नटी, आदल्याच वर्षी 'व्हरायटी' या सिनेमात गाजलेली. दिग्दर्शक आर्थर रॉबिसन, आणि सेट पॉल लेनीचे, ते तर परत एकदा बघाच.

घाईचं म्हणाल तर मूकपटाचा स्पीड ठरलेला नसायचा, सेकंदाला २४ फ्रेमपेक्षा कमीवर शूट केलेलं २४ नं चालवलं की माणसं पळतात, त्यात नटांचा काही दोष नाही.

कादंबरी जरूर वाचा. आबे प्रेव्होची, १७३१ ची. तिच्यात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, अमेरिकेला धाडायच्या बायका साखळदंडानं बांधून आणल्यात, बघ्यांची गर्दी जमलीय, आणि त्यातली एक, म्हणजे नायिका मानों, साखळी पुरेल तितकी वळून आपला चेहरा लपवायला बघतेय. पुढची सगळी गोष्ट तिचा प्रियकर सांगतो, म्हणजे ती कशी होती, का सोडून गेली, परत का आली, सगळं त्याच्या तोंडून, तिची बाजू अशी कुठे येतच नाही आणि मला वाचताना हे सारखं टोचत राहतं. सिनेमात मात्र कॅमेरा थेट तिच्या चेहऱ्यासमोर जातो, मध्ये सांगणारा कोणी नाही. दे पुत्तीच्या डोळ्यात लोभ, भीती, माया एकाच शॉटमध्ये येऊन जाते, आणि पडद्यावर संवादाची पाटी यायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं. मूकपटात संवाद कमी म्हणून गोष्ट उणी झाली असं लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, इथे तर उलट मानोंला पहिल्यांदा स्वतःचं काही म्हणता आलंय.

लिहिलेल्या गोष्टीवरून मूकपट आपल्याकडेही झालेत, त्याच सुमारास, १९२५ मध्ये, बाबूराव पेंटरांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' केला होता.

आधी कादंबरी वाचा, मग पुढच्या एखाद्या रविवारी हाच सिनेमा परत लावा, फक्त प्लेअरमध्ये स्पीड थोडा कमी करून.