जुन्या फोर बाय फोरचा ऑटो गिअरबॉक्स पहिल्यांदा उतरवताय?

घाबरू नका, जमतं, फक्त घाई नको. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, चांगले स्टँड लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि ऑइल थंड असताना ड्रेन करा. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा, गिअरबॉक्सला जोडलेला डबा) वेगळी निघत असेल तर आधी तीच काढा, एकदम उतरवायला गेलात तर वजन आवरत नाही, आणि ट्रान्समिशन जॅक (गिअरबॉक्स पेलून खाली उतरवायचा जॅक) भाड्याने का होईना, पण आणाच.

नवीन लोक हमखास चुकतात ते टॉर्क कन्व्हर्टरला, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल डब्याला. बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडलेला पुढचा भाग) बोल्ट सोडण्याआधी खालचं कव्हर काढून, क्रँक हाताने फिरवत कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला (क्रँकच्या टोकावरची पातळ चकती) धरणारे सगळे बोल्ट काढायचे, मग कन्व्हर्टर गिअरबॉक्सला चिकटूनच बाहेर आला पाहिजे. तो इंजिनकडे अडकून राहिला आणि तुम्ही बॉक्स ओढत बसलात की पंपाचं सील गेलंच समजा.

बाकी:
- प्रोपेलर शाफ्टवर (चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) खुणा करा, म्हणजे परत तसाच बसवता येईल
- क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारा आडवा दांडा) काढण्याआधी इंजिनला मागून आधार द्या
- ऑइल कूलरच्या पाइपांची तोंडं बंद करा
- वरचे बोल्ट लांब एक्स्टेंशननेच निघतात (तिथे शिव्या येतात, चालतं)

बॉक्स हलत नसेल तर पहारीने उचकटू नका, एखादा बोल्ट नाहीतर वायर राहिलीय. बसवायचं नंतर बोलू, आधी खाली तर येऊ दे.