लाल वाइन इटलीची, ताटात काय वाढायचं?

टोमॅटो सॉसच्या पास्त्याबरोबर महागडी लाल वाइन घेतली, पण ती अगदीच पाणचट लागली. असं का?

किमतीचा इथे संबंध नाही. टोमॅटो आंबट, वाइन त्याहून कमी आंबट असली की तिची चवच हरवते. किआन्ती क्लासिको घ्या. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या टेकड्यांवरची ही वाइन, बाटलीवर काळा कोंबडा. तिच्यात किमान ८० टक्के सांजोव्हेजे द्राक्ष असतं आणि ते मुळातच आंबटसर. पिझ्झ्याबरोबर मात्र मी वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांताची बार्बेरा उघडतो. आंबटपणा भरपूर, तुरटपणा नावाला, आणि खिशालाही परवडते.

बरोलोचा पहिला घोट घेतला आणि कच्चं केळ खाल्ल्यासारखं तोंड आवळलं. बाटली खराब होती का?

नाही हो, बरोलोही पिएमोंतेचीच लाल वाइन, आणि ती ज्याची करतात त्या नेब्बिओलो द्राक्षाचा स्वभावच तो. रंग फिकट, म्हणून माणूस बेसावध राहतो. बरोलो किमान ३८ महिने मुरवतात, त्यातले १८ लाकडी पिंपात, तरी तरुण बाटलीत टॅनिन, म्हणजे द्राक्षातला तुरट घटक, उरतंच. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंड कोरडं पडतं. सोबत मांस असेल, तर त्यातली प्रथिनं आणि चरबी हा मारा झेलतात. म्हणूनच पिएमोंतेत याच वाइनमध्ये तासन्‌तास मंद शिजवलेलं बीफ करतात आणि बरोबर तीच पितात. जुनी, मवाळ झालेली बरोलो हाताशी असेल, तर शरद ऋतूत आल्बाचा पांढरा ट्रफल (जमिनीखाली उगवणारी सुगंधी बुरशी) किसून घातलेल्या, अंड्याच्या बारीक पास्त्याबरोबर ती घ्यावी. तरुण बाटली तासभर आधी चंबूत ओतून ठेवा. नुसत्या खारवलेल्या काजूंबरोबर तर ती उघडूच नका.

दोन बाटल्यांवर मोन्तेपुल्चानो लिहिलंय. वाइन एकच ना?

नाही. ‘मोन्तेपुल्चानो द’अब्रुत्सो’मध्ये ते द्राक्षाचं नाव, ‘विनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो’मध्ये तोस्कानातल्या गावाचं, त्या गावची वाइन मुख्यतः सांजोव्हेजेची.

तांबड्या रश्श्याबरोबर आमारोने चालेल?

नका हो! आमारोने ही व्हेरोनाकडची लाल वाइन, तिची द्राक्षं तीन-चार महिने सुकवतात, साखर एकवटते आणि अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर जातं. तिखटात ते म्हणजे आगीत तेल. हवीच असेल तर एमिलियाची फसफसणारी लांब्रुस्को गार करून घ्या, ‘आमाबिले’ म्हणजे गोडसर. तिकडे ती डुकराच्या चरबीदार सॉसेजबरोबर पितात. तर्रीलाही ती पुरून उरते. मी स्वतः मात्र तांबड्या रश्श्यासोबत पांढराच घेतो.