माफ करत गेलं की लोक डोक्यावर बसतात, मग रोजच्या जगण्यात क्षमा करायची तरी कशी?

तुमचा प्रश्न वाचला. सोलापुरात नोकरीला नवीन आहात, दर रविवारी चर्चला जाता, तिथे क्षमा आणि दया यांवर ऐकता. सोमवारी ऑफिसात गेलं की तुमची सहकारी तुमचं काम स्वतःच्या नावावर खपवते. दोनदा तुम्ही सोडून दिलं, तिसऱ्यांदा तिने तेच केलं. आता ख्रिस्ती माणसासारखं वागायचं म्हणजे गप्प बसायचं का, असं तुम्ही विचारलंय.

गप्प बसायचं नाही. पण हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली, म्हणून जरा लांबण लावतो.

अक्कलकोट रोडला माझं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. दहा मशिनी, एक कटिंग टेबल. घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती, त्यामुळे येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना बोलायला लागल्यापासून तोंडपाठ. तोंडपाठ असण्याचा तोटा असा की शब्द कानात शिरतच नाहीत. त्या प्रार्थनेत आपण म्हणतो की जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं आहे, तशी तू आमची ऋणं सोड. ही प्रार्थना बायबलात मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. लूकने तिथे ‘पाप’ लिहिलंय, पण आपण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, म्हणतो ती मत्तयातली, आणि तिच्यात शब्द ऋणाचा आहे. ऋण म्हणजे काय, हे धंदेवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

एका मार्चमध्ये माझ्या कटिंग मास्टरने 45,000 रुपये उचल घेतली. आमच्यात तशी रीतच आहे. सीझनआधी उचल द्यायची, ती कामातून फिटत जाते. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे एप्रिल-मे हेच आमचं वर्ष. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो यायचा बंद झाला. टेबलावर ताके पडून, बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन, आणि फोन लावला की बंद. चार दिवसांनी कळलं की दुसऱ्या एका युनिटला उभा आहे. तिथेही उचल घेतलेली.

त्या रविवारी ‘ऋण्यांस’पाशी माझी जीभ अडली. ते वाक्य गाळून मी पुढचं म्हटलं. शेजारी बायको होती, तिने नुसतं बघितलं. असं तीन-चार महिने चाललं. बाहेर मात्र सगळ्यांना सांगत होतो, “जाऊ द्या हो, मी केव्हाच माफ केलंय त्याला.” साफ खोटं. रात्री पडल्या पडल्या त्याच्याशी भांडत होतो, आणि गंमत म्हणजे त्या भांडणात दर वेळी मीच जिंकायचो.

मग एकदा मत्तयाचा अठरावा अध्याय कॅल्क्युलेटर घेऊन वाचला. हसू नका. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, सातांच्या सत्तर वेळा. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्या दाखल्यातले आकडे मात्र कुणी मोजत नाही. एका चाकराला राजाचं देणं असतं दहा हजार टॅलंट, आणि राजा ते सगळं सोडून देतो. तोच चाकर आपल्या सोबत्याला शंभर दीनारांसाठी तुरुंगात टाकतो. दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, आणि एका टॅलंटचे साधारण सहा हजार दीनार. आपल्याकडची 500 रुपये रोजाची मजुरी धरून हिशेब केला. राजाने सोडलेलं ऋण झालं 3,000 कोटी, आणि चाकराने ज्यासाठी गळा धरला ते 50,000. माझ्या उचलीच्या जवळपासच!

मला त्यात एक गोष्ट नवी दिसली. पन्नास हजार ही काही किरकोळ रक्कम नाही. शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर कुणालाही लागणारच. येशूने सोबत्याचं देणं शून्य दाखवलेलं नाही, आकडा घातलाय. आपण माफ करायला निघालो की पहिल्यांदा काय म्हणतो, “काही नाही हो, एवढं काय त्यात!” तिथेच घोळ होतो. वहीत रक्कम लिहिलेलीच नसेल तर खोडणार काय? तुम्हीही दोनदा ‘सोडून दिलं’ म्हणता ते बहुधा असंच असणार. तिला कळलंच नाही की तिच्याकडे काही येणं होतं.

त्याच अध्यायात, दाखल्याच्या आधी, एक अगदी व्यवहाराची सूचना आहे. भावाने तुझा अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघंच असताना त्याला त्याची चूक दाखव. दोघंच. आधी साहेब नाही, आधी ऑफिसचा ग्रुप नाही, आणि आधी प्रार्थना करा म्हणून चार बहिणींना सांगणं तर नाहीच (आपल्या मंडळीत चुगलीला प्रार्थनेची विनंती म्हणतात, हे तुम्हालाही लवकरच कळेल).

तर मी त्याच्या घरी गेलो. एकटाच. मनाशी ठरवलेलं, तो रडेल, मी खांद्यावर हात ठेवीन. तो रडला-बिडला नाही. चहा दिला आणि म्हणाला, “मालक, चुकलं माझं. पण तीन वर्षं झाली, तुम्ही रेट वाढवलाय का? सगळ्यांनी वाढवलाय की.”

चहा संपवून मी निमूट परत आलो. खरं होतं ते. मजुरांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे असं बायबलातल्या याकोबाच्या पत्रात लिहिलंय, त्यावर मी स्वतः एकदा युवक संघात बोललो होतो. पुन्हा वही काढली. एप्रिलच्या कामातून 7,000 फिटले होते, राहिले 38,000. इतरांच्या रेटने धरलं तर तीन वर्षांचा फरक 18,000 निघाला, म्हणजे तेवढं माझं त्याला देणं. उरले 20,000. पुन्हा जाऊन हा कागद त्याच्यापुढे ठेवला. पुढच्या वर्षभरात त्याने हजार-पाचशे करत 8,000 दिले. बाकीचे 12,000 मी खोडले, त्याच्यासमोर. त्यानंतर ती प्रार्थना पूर्ण म्हणता आली.

त्याला पुन्हा उचल दिली का? नाही. त्याने मागितली होती. मी म्हटलं, “काम दे म्हणशील तर देतो, रोजच्या रोज पैसे घे.” क्षमा आणि भरवसा एकाच खिशात ठेवायची गरज नाही. कुणाचा नवरा मारहाण करतो, तिला “क्षमा कर आणि परत जा” म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. ऋण सोडलं म्हणून तिने पुन्हा मार खायला जायचं असं कुठे आहे?

आणि एक. तुमच्या सहकारीने माफी मागितलेली नसताना तिला “मी तुला क्षमा केली” असं सांगायला जाऊ नका. तो शुद्ध अपमान होतो. “माझा रिपोर्ट तू तुझ्या नावाने दिलास, मला वाईट वाटलं, पुढच्या वेळी दोघींची नावं घालू,” एवढंच बोला. नाही ऐकलं तर पुढची पायरीही तिथेच दिलीय, एक-दोघांना सोबत न्या.

दयेबद्दल मला थोडंच सांगता येईल. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचं फळ सांगितलंय, त्यात मराठी बायबलात शब्द आहे ‘ममता’. मला तो दयेपेक्षा आवडतो. दया वरून खाली येते, ममता शेजारी बसते. माझ्याकडच्या बायकांना पाण्याच्या दिवशी उशीर व्हायचा. तुम्ही नवीन आहात, पण एव्हाना अनुभव आला असेल. इथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि कधी येईल याचा नेम नाही. मी अर्धा दिवस कापायचो, शिस्त म्हणून. आता पाण्याच्या दिवशी ज्या भागात पाणी त्या बायकांनी भरून झाल्यावर यायचं, पैसे कापत नाही. ही अक्कल मला बायबलातून आली असं वाटत असेल तर तसं नाही. आमच्या काज-बटणवाल्या, पद्मशाली या विणकर समाजातल्या मावशी शेजारणीच्या घागरी भरून ठेवून येतात आणि त्यापायी स्वतःचा अर्धा रोज घालवतात, हे बघून लाज वाटली म्हणून.

तरी सगळं जमतं असं समजू नका. आमच्या गल्लीतले एक काका थेट नळाला मोटर लावतात, आमच्याकडे धार करंगळीएवढी होते. कटिंग मास्टरच्या घरी एकटा गेलेला मी, या काकांच्या दारात अजून गेलेलो नाही. गच्चीवरून ओरडतो मात्र. मागच्या खेपेला पहाटे अडीचला ओरडलो तर त्यांची सून बाहेर आली आणि म्हणाली, “काका, आमच्या नळाला मोटरशिवाय थेंबपण येत नाही, एकदा येऊन बघा तरी.”

उद्या पाण्याचा दिवस आहे. जाऊन बघणार आहे.