ग्लायडर मातीत जातंय? पंख घासणं थांबवा, आधी तोल बघा

ताई, पंखात काही चुकलेलं नाही. सँडपेपर आधी मुलीच्या हातातून काढून घ्या.

तुम्ही इथे मंचावर लिहिलंय की मुलीने आठवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बाल्साचं (हलक्या लाकडाचं) ग्लायडर केलंय. पंख ६० सेंमी लांब, १० सेंमी रुंद; शेपटी १६ बाय ५, पंखापासून पाव मीटर मागे. हातातून सोडलं की कधी नाक वर करून उभं राहतं, कधी थेट मातीत. पंखाचा फुगवटा पुन्हा पुन्हा घासला तरी तेच. आणि ओघात म्हटलंय की किटबरोबरच्या नकाशावर सीजीची, म्हणजे वजनाच्या मध्याची, खूण पंखाच्या बरोबर मध्ये आहे, तोल तिथे लागतोय, म्हणजे तो भाग ठीक आहे. नाही हो, घोळ तिथेच आहे.

आधीच सांगून टाकतो, मी इंजिनियर नाही, हिशेबनीस माणूस. भाच्याच्या नादाने या छंदात पडलो. भाचा बाहेर पडला, मी आतच राहिलो. खालचे आकडे तुमच्यासारख्या साध्या, चौकोनी पंखाच्या ग्लायडरपुरते आहेत. डेल्टा (त्रिकोणी) पंखाला किंवा ड्रोनला लावू नका. पंख, शेपटी, धड (फ्यूजलाज) म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

अगदी याच जातीचा नकाशा आम्हाला आपल्या बडोद्यातल्या एका सुट्टीच्या शिबिरात मिळाला होता. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं आता बदललीही असतील. पैसे आधी भरायचे, किट त्यांच्याकडूनच घ्यायचं, आणि नकाशा म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, रेघा इतक्या पुसट की शेपटीची मापं वाचताच येईनात. ठळक एकच गोष्ट: लाल बॉलपेनने पंखाच्या मध्यावर मारलेला बाण, 'इथे तोल'. विमान तुमच्यासारखंच वागायला लागलं. ऑफिसात विचारायला गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी पंखाच्या टोकाला पुठ्ठ्याचा साचा लावून बघितला आणि म्हणाले, "वरचा फुगवटा कमी पडलाय. वरच्या हवेला लांबचा रस्ता पडला पाहिजे, म्हणजे ती पळत जाऊन खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठते. उचल त्यानेच येते. घासा अजून."

झालं, भाचा घरी घासत बसला. पुढच्या खेपेला दुसरे गृहस्थ, उत्तर तेच. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणे, "फार पातळ झालाय, नवा पंख घ्या," आणि नव्या पंखाचे पैसे वेगळे. तो बाण बरोबर आहे का, असं विचारलं तर, "वर्षानुवर्षं हाच नकाशा देतोय, कुणाची तक्रार नाही." तक्रार येणार कुठून? सुट्टी संपली की मुलं विमान माळ्यावर टाकतात आणि आपल्यालाच जमलं नाही असं समजतात. पैशाचा राग आहेच, खोटं कशाला बोलू. पण पोरगं अख्खी सुट्टी स्वतःच्या हाताला दोष देत होतं, तो राग अजून गेलेला नाही. शेवटी प्रमाणपत्र मात्र मिळालं, लॅमिनेट करून.

तिढा सुटला तो पोलो ग्राउंडवर. सकाळी फिरायला येणारे एक आजोबा, हवाई दलातून एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे कारागीर, म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी विमान मागून घेतलं आणि पंखाखाली, पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, दोन बोटांची टोकं टेकवली. शेपटी लगेच खाली. "मागे बसतंय," एवढंच म्हणाले, आणि शर्टाच्या खिशातली नाणी नाकाला सेलोटेपने चिकटवायला लागले.

आता त्या 'लांबच्या रस्त्या'बद्दल, कारण मुलीला शाळेतही बहुधा तेच सांगितलं असेल. पंखावरून जाणारी हवा जास्त वेगाने जाते हे खरं. पण खालच्या हवेला मागे जाऊन भेटायचं तिच्यावर काही बंधन नाही. विंड टनेलमध्ये (वारा सोडून पंख तपासायच्या बोगद्यात) धुराचे झोत सोडले तर वरचा धूर खालच्याच्या आधी मागच्या कडेला पोचतो, भेट होतच नाही. सपाट पुठ्ठ्याचा पंखसुद्धा उडतो. कसरतीच्या कित्येक विमानांचे पंख वरून-खालून सारखेच फुगीर असतात आणि ती उलटीही उडतात. समोरून येणाऱ्या हवेला पंख थोडा तिरका धरला की तो हवेला खाली वळवतो, आणि हवा खाली गेली की पंख वर ढकलला जातो. न्यूटनचा तिसरा नियम. दाबाच्या भाषेत सांगायचं तर वर दाब कमी, खाली जास्त. हे दोन्ही एकाच गोष्टीचे हिशेब आहेत. यावर इथे पूर्वी मारामाऱ्या झाल्यात, त्या पुन्हा नकोत. फुगवट्याचा फायदा होतो, नक्की होतो, पण तो वरकड. तिरकेपणालाही हद्द आहे: साधारण १५ अंशांच्या आसपास वरची हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि उचल एकदम कोसळते. हा स्टॉल. लहान ग्लायडरमध्ये ही हद्द आणखी अलीकडे येते.

म्हणजे उचल मिळवणं सोपं. तो तिरकेपणा आपोआप तेवढाच राहणं, हे अवघड. झुळकेने नाक वर गेलं तर विमानाने ते स्वतःच खाली आणलं पाहिजे, आत वैमानिक नाही. झुळकेने जी जादा उचल वाढते, पंखाची आणि शेपटीची मिळून, ती विमानाच्या एका ठरावीक बिंदूवर लागते असं धरता येतं. त्याला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. वजनाचा मध्य त्याच्या पुढे असेल तर ही जादा उचल शेपटी वर उचलते, नाक खाली येतं आणि चूक दुरुस्त होते. वजन मागे असेल तर तीच उचल नाक आणखी वर ढकलते. म्हणून तुमचं विमान कधी वर, कधी खाली जातं. पहिला धक्का जिकडचा, तिकडे ते कलंडतं. तुमच्या शेपटीच्या मापांवरून माझ्या अंदाजाने हा बिंदू पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या ४० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि नकाशा वजन ५० टक्क्यांवर ठेवा म्हणतो. शेपटी बरीच मोठी असती तर कदाचित निभावलं असतं. तो बाण बहुधा दुसऱ्याच कुठल्या मॉडेलवरून उचललेला आहे.

बडोदेकरांना तर हे समजावून सांगायलाच नको: उत्तरायणात (संक्रांतीला) पतंग गोते खायला लागला तर आपण कागद बदलत नाही, किन्ना (पतंगाला बांधलेला दोरा) सोडून पुन्हा बांधतो.

वजन मागे ठेवूनही विमानं उडतात, असं इथलं कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच लिहितो. तेजस हे लढाऊ विमान मुद्दाम तसं केलंय, चपळाईने वळावं म्हणून. जानेवारी २००१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं तेच मुळी संगणकी नियंत्रणाच्या जोरावर, जे वैमानिकाच्या नकळत अखंड दुरुस्त्या करत असतं. आठवीच्या किटमध्ये तो संगणक येत नाही.

आता कामाचं. पंखाच्या पुढच्या कडेपासून ३ सेंमीवर, दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा. तोल तिथे आणायचाय, म्हणजे २ सेंमी पुढे. वजन किती लागेल ते आधीच काढता येतं. समजा विमान ८० ग्रॅमचं आहे आणि नाकाचं टोक त्या खुणेपासून १५ सेंमी पुढे आहे, तर ८० गुणिले २ भागिले १५, म्हणजे जेमतेम ११ ग्रॅम. दहाचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, हल्लीचं रुपयाचं तीनच्या आसपास, झाले साधारण पावणेअकरा. विमानाचं खरं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलंत तरी चालेल, चार-पाच ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी नाण्यांच्या हिशेबात जेमतेम अर्ध्या-पाऊण ग्रॅमचा फरक पडतो. शिशाचे तुकडे लावा असं कुणी सांगेल. पोरांच्या हातात शिसं नको. आणि नाणी नाकाच्या अगदी टोकाशीच लावा, मागे लावली तर जास्त लागतात आणि विमान उगाच जड होतं.

सोडताना खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली, गवतावर, वारा नसताना. भिरकावू नका, हातातून पुढे ढकलून सोडून द्या. भाचा सुरुवातीला क्रिकेटचा थ्रो करायचा. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते, मग ते वर उसळणारच. आता ते वर-खाली, वर-खाली अशा लाटा मारत गेलं तर घाबरू नका, उलट पेढे वाटा. हा निराळा आजार आहे आणि बरा होतो. तोल ठीक झालाय, फक्त शेपटीचा उलटा कोन जास्त आहे. शेपटीच्या पुढच्या कडेखाली पोस्टकार्डाचा एक कपटा सरकवा. नाक खाली घालून झपकन उतरत असेल तर तोच कपटा मागच्या कडेखाली. एका वेळी एकच कपटा, आणि नाण्यांना आता हात लावायचा नाही. दोन्ही एकदम बदलली की कशाने काय झालं ते कळत नाही, आणि इथेच लोक वैतागून सोडून देतात.

मागे छोटी शेपटी किंचित उलट्या कोनात लावून विमान आपोआप सावरतं, हे फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोने १८७१ मध्ये रबराच्या पिळावर उडणाऱ्या मॉडेलने पॅरिसमध्ये दाखवून दिलं होतं. राइट बंधूंच्या आधी तीसेक वर्षं. आणि राइट बंधूंचीच दुसरी गोष्ट सांगतो, ती त्या शिबिराच्या ऑफिसात फ्रेम करून लावायला हवी. १९०१ चं त्यांचं ग्लायडर हिशेबापेक्षा फारच कमी उचल द्यायला लागलं. हिशेबात हवेच्या जोराचा, स्मीटन नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या नावाने चालत आलेला आकडा होता, शंभराहून अधिक वर्षं बहुतेक जण तोच वापरत होते. या दोघांनी डेटनमध्ये लाकडी खोक्याची विंड टनेल केली, सहा फूट लांब, तिच्यात पंखांचे दोनेकशे छोटे नमुने तपासले आणि आकडाच चुकीचा असल्याचं काढलं. डिसेंबर १९०३ मध्ये त्यांचं इंजिनवालं विमान उडालं. 'कुणाची तक्रार नाही' हे उत्तर त्यांनी मानलं असतं तर बसले असते सायकली दुरुस्त करत.

(राइट बंधूंच्या आधी मुंबईत विमान उडवलं असं सांगतात त्या तळपद्यांचा विषय इथे काढू नका, हात जोडतो. 'वैमानिक शास्त्र' या ज्या पोथीचा नेहमी हवाला देतात तिच्यातली विमानं उडू शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच तपासून लिहिलंय.)

पंख घासू नका याचं आणखी एक कारण मजबुती. उचल पंखभर लागते आणि सगळा पंख मुळाशी वाकू बघतो, जिथे तो धडाला जोडलेला असतो. भरीव फळीची जाडी निम्मी झाली की तिचा ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. आमचा पंख मुळाशीच तडकला, त्यावर ऑफिसातून ऐकायला मिळालं की मुलाने विमान आपटलं असणार. खऱ्या विमानात पंखाच्या आतून लांबीभर स्पार (तुळई) जातो, त्याला आडव्या रिब्ज (फासळ्या) आणि वरून पत्र्याची किंवा कार्बन फायबरची कातडी, आणि ती कातडीही भार उचलते. तुम्ही पंखाच्या मध्यावर, खालच्या बाजूने, पंखाच्या लांबीच्या दिशेने एक बांबूची काडी फेविकॉलने बसवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. फेविक्विक नको, तो सांधा ठिसूळ होतो. बाल्सा परत मिळाला नाही तर पातळ फोमची शीट चालते. कट्टर बाल्सावाले शिव्या घालतील, घालू देत.

मुलीला दाखवायला एक उदाहरण आपल्या दारातलंच आहे. सी-२९५ हे मालवाहू विमान जुळवायचा कारखाना बडोद्यात २८ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला. हवाई दलाच्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून आणि ४० इथे, असा करार आहे. फोटोत बघा, पंख धडाच्या वर आहे, म्हणून पोट जमिनीजवळ राहतं आणि मागच्या उतरत्या दारातून गाडी सरळ आत चढते. आत कुठलं खोकं किती पुढे, किती मागे, याचा हिशेब उड्डाणाआधी कागदावर झाल्याशिवाय असं विमान हलत नाही. वजनाचा मध्य ठरलेल्या हद्दीतच लागतो. तुमच्या नाण्यांचं काम तेच.

प्रदर्शनाबद्दल माझं मत असं (पटलं नाही तर सोडून द्या). परीक्षक बहुतेक 'लांबचा रस्ता' हेच उत्तर धरून बसलेले असतात. त्यांच्याशी वाद घालू नका, मार्क जातात. मुलीला सांगा, नाण्यांशिवाय एकदा उडवून दाखव, मग नाणी लावून उडव, आणि ८० गुणिले २ भागिले १५ हा हिशेब तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिही. डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीला मार्क कापणं जड जातं.

बाकी किरकोळ. उत्तरायणाच्या आसपास मैदानावर उडवू नका, झाडांवरून लोंबणारा मांजा पंखालाही कापतो आणि पोरांनाही. हरणीकडे विमानतळाजवळ तर नकोच. पुढे मोटर बसवायची इच्छा झाली तर ड्रोन नियम २०२१ आधी वाचून घ्या. नाण्यांवर फोमचा जाड गोल तुकडा चढवा, नाहीतर पहिलं नीट उड्डाण कुणाच्या तरी कपाळावर उतरेल. नाणी लावल्यावर तोल ३ सेंमीवर आला तरी तेच चालू राहिलं तर बाजूने काढलेला फोटो टाका, शेपटी पंखाच्या मानाने कुठल्या कोनात आहे ते दिसेल असा.