फियाट घेतली, पण आरसी बुकावर अजून वारलेल्या मालकाचंच नाव

कोल्हापुरातल्या एका दादांनी विचारलंय. शिरोळकडच्या एका घरातनं त्यांनी १९७१ ची फियाट ११०० घेतली, ७० हजाराला. आरसी बुक मूळ मालकाच्या नावावर, ते २००९ ला वारले, गाडी विकली त्यांच्या मुलानं, स्टँप पेपरवर नोटरी झाली. नंतर उद्यमनगरात फ्लोअर, ब्रेक, वायरिंग, डेंटिंग मिळून १ लाख ४० हजार घातले. आणि आता विकणाऱ्याची सांगलीला दिलेली बहीण फोन करून म्हणतीय की बाबांची गाडी आम्हाला न विचारता कशी विकली. आई पण हयात आहेत. एजंट म्हणतोय २९ आणि ३० नंबर फॉर्मवर, म्हणजे आरटीओच्या मालकी बदलाच्या फॉर्मवर, वारलेल्या मालकाची जुन्या तारखेची सही मारू, आठ दिवसात गाडी नावावर. काय करू?

दादा, आधी त्या एजंटचं बघू. ते अजिबात करू नका. मेलेल्या माणसाची सही मारणं म्हणजे सरळ बनावट कागद तयार करणं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये बसतंय, आणि तो कागद खरा म्हणून आरटीओत दिला की कलम ३४० सुद्धा लागतंय. बहीण आधीच चिडलेली आहे, मृत्यूचा दाखला तिच्याकडं असणारच, तिनं एक अर्ज दिला तरी एजंट हात वर करून मोकळा आणि फॉर्मवर खरेदीदार म्हणून सही तुमची. आज तुमची बाजू स्वच्छ आहे, ती तशीच राहू दे.

आता बहिणीचं. मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगा, मुलगी तिघंही पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकी एक तृतीयांश. लग्न होऊन सांगलीला गेली म्हणून तिचा हक्क जात नाही, हे आपल्याकडं अजून पुष्कळ जणांना पटत नाही पण कायदा तसाच आहे. म्हणजे भावाला एकट्यानं पूर्ण गाडी विकायचा अधिकार नव्हता. तुमच्या बाजूनं एक मुद्दा आहे, माल विक्री कायदा १९३० चं कलम २८: सहमालकांच्या परवानगीनं वस्तू एकाच्याच ताब्यात असेल आणि त्याला विकायचा अधिकार नाही हे माहीत नसताना तुम्ही प्रामाणिकपणे घेतली असेल, तर मालकी तुमच्याकडं येते. पण मालक वारलेत हे तुम्हाला माहीत होतं, मग घरात अजून कोण आहे हे विचारलं का असं कोर्ट विचारणारच. व्यवहाराच्या वेळी त्यानं "बहिणीचं काय नाही, मी बघतो" असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असेल तर तो मेसेज डिलीट करू नका.

तरी माझा सल्ला कोर्टाचा नाही. भावाला सोबत घ्या आणि एका रविवारी दोघं सांगलीला जावा, आईंना पण बरोबर घ्या. बहुतेक वेळा भांडण पैशाचं नसतं, बापाची गाडी परस्पर गेली याचं असतं. हिस्सा द्यायचाच झाला तर तो ७० हजारातला, आणि तो भावानं द्यायचा, तुम्ही नाही. तुम्ही घातलेल्या १ लाख ४० हजारावर तिचा हक्क सांगता येईल असं मला वाटत नाही, सगळी बिलं मात्र जपून ठेवा. तिनं आणि आईंनी ना-हरकत प्रतिज्ञापत्र दिलं की निम्मं काम झालं. नाहीच ऐकलं तर भावाला नोटीस काढू, कारण विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे ही अट कलम १४ नं प्रत्येक विक्रीत धरलेलीच असते, ती मोडली म्हणून पैसे परत आणि नुकसानभरपाई मागता येते.

आरटीओचा रस्ता असा की गाडी आधी वारसाच्या नावावर, ३१ नंबर फॉर्मनं, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्यांची ना-हरकत जोडून, आणि मग २९-३० नं तुमच्या नावावर. नुसत्या नोटरीनं आरसी बदलत नाही. बुक जुनं हाती लिहिलेलं आहे, त्यामुळं आरटीओच्या वाहन पोर्टलवर आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या बुकातली नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागेल, त्याला हेलपाटे होतील. रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली असणार, ते २५ नंबर फॉर्मनं पाच वर्षांसाठी रिन्यू होतं, गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड पण भरावा लागतो. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, ती बंदी दिल्ली परिसरातली आहे.

व्हिंटेज नोंदणी मिळेल का असंही विचारलंय. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरची गाडी त्यात बसते, नव्या नोंदणीला २० हजार फी, मुदत १० वर्षं. पण चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल चालत नाही, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशाच कामाला रस्त्यावर काढता येते. तुम्हाला पोरांना घेऊन संध्याकाळी रंकाळ्यावर जायचंय, मग साधं रिन्यूअलच करा. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा आपण सगळेच डोळे भरून बघतो, पण तुमची फियाट वापरायची गाडी आहे, तशीच राहू दे.

आणि एक, आजच करायचं. पेंटरला थांबवा. माझ्या एका पक्षकाराच्या गाडीत चेसिस नंबरवर पुट्टी भरून रंग मारला होता, तपासणीला कागद ठेवून पेन्सिल घासली तर नुसता करडा पट्टा उमटला, एक आकडा नाही. नंतर थिनर आणि चिंधी घेऊन तासभर बसावं लागलं, तेव्हा नंबर वर आला. तिथं ग्राइंडर लावला असता तर नंबर खोडला म्हणून वेगळंच प्रकरण झालं असतं. तेव्हा चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट आत्ताच काढा, फोटो काढा, बुकाशी एकेक आकडा जुळवा, इंजिन नंबर जुळला नाही तर पुढचं काही करायच्या आधी मला सांगा. आणि विमा आणि रिन्यूअल होईपर्यंत गाडी गॅरेजच्या गेटबाहेर काढू नका, ट्रायलला पण नाही, कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातनं जाईल आणि बुकावर नाव आहे म्हणून वारलेल्या मालकाच्या घरच्यांना पण कोर्टात ओढतील.