ट्रंकेत चेपलेली फेल्ट हॅट

प्रश्न : आजोबांची फेल्ट हॅट ट्रंकेत कपड्यांखाली चेपून गेली आहे. वरचा घुमट आत बसलाय, काठाला लाटा आल्यात. घरच्या घरी पूर्ववत होईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : होईल, पण आधी हॅटचं वय बघा. 1940च्या आसपासची किंवा त्याआधीची, सशाच्या केसांची मऊ हॅट असेल तर तिला वाफ देऊ नका. केस एकमेकांत घट्ट गुंतावेत म्हणून त्या काळी त्यांना पाऱ्याचं नायट्रेट लावत. अमेरिकेत ही पद्धत 1941च्या अखेरीस बंद झाली. असा पारा फेल्टमध्ये अजून शिल्लक असू शकतो आणि तापवलं की तो हवेत येतो. ती हॅट हातमोजे घालून हाताळा, आत पांढऱ्या मऊ कागदाचे बोळे भरा आणि आठवण म्हणून जपा. डोक्यावर घालायची नाही.

नंतरच्या काळातली असेल, तर कामाला लागा. लोकरीच्या आणि सशाच्या केसाच्या तंतूवर बारीक खवले असतात. त्यांच्यामुळे तंतू एकमेकांत अडकतात आणि न विणताच कापड तयार होतं, तेच फेल्ट. ऊब आणि ओल मिळाली की हा गुंता सैल पडतो. ओल गेली की तंतू ज्या जागी असतील तिथेच घट्ट होतात. म्हणून वाफेइतकंच वाळवणंही महत्त्वाचं आहे. बहुतेक हॅटी बिघडतात त्या वाळवण्याच्या घाईत.

पहिल्यांदा मऊ ब्रशने घड्याळाच्या उलट दिशेने धूळ झाडा. मग साचा तयार करा. डोक्याच्या घेराएवढ्या घेराचं पातेलं उपडं घालून त्यावर टॉवेल आणि वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. पातेलं गोल असतं आणि आपलं डोकं लांबट. तशीच चढवली तर हॅट कपाळाला आणि मागे टोचते, कानांपाशी मात्र फट राहते. हे टाळायचं तर पुढे आणि मागे टॉवेलची एकेक जादा घडी ठेवा आणि टेप फिरवून एकूण घेर पुन्हा मोजा.

किटलीत पाणी उकळा आणि हॅट तोटीपासून 15 ते 20 सेंटिमीटरवर धरून सतत फिरवत राहा. कुकरच्या शिट्टीची वाफ नको, तिच्या जोराने हात भाजतो. घामपट्टी, म्हणजे आतली चामड्याची पट्टी, आधी बाहेर उलटवून ठेवा, कारण गरम वाफेने चामडं आकसतं आणि ते पुन्हा सैल होत नाही. एका भागाला 20–30 सेकंद पुरतात. फेल्ट ओल्या पोळीसारखं लवायला लागलं की थांबा. पाण्याचे थेंब दिसू लागले, तर वाफ जास्त झाली. आता जुन्या सगळ्या चुण्या बोटांनी आतून बाहेर दाबून काढा, घुमट साच्यावर ओढा आणि घुमट जिथे काठाला मिळतो तिथे सुती दोरी दोन वेढे घालून बांधा. आधी घुमट पूर्ण गोल, बिनखळग्याचा करायचा. जुन्या चुणीवर नवी चुणी पाडली की फेल्ट तिथे लवकर झिजतं.

काठासाठी ओल्या सुती फडक्यावरून लोकरीच्या तापमानाची इस्त्री वापरा. ती घासायची नाही, एका जागी टेकवून दोन सेकंदांनी उचलायची. घासली तर काठ ताणला जातो आणि लाटा वाढतात. मग हॅट सावलीत 24 तास राहू द्या, पावसाळ्यात 48 तास. ऊन, हेअर ड्रायर, हीटर यांनी एक बाजू आधी वाळते आणि हॅट तिकडे ओढली जाते.

घुमट पूर्ण वाळला की वरचा भाग पुन्हा 20 सेकंद वाफवा. तळहाताच्या कडेने मधोमध तीन-चार सेंटिमीटर खोल पन्हळ दाबा, मग पुढच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि तर्जनीने चिमटा घ्या. थंड होईपर्यंत बोटं तशीच धरून ठेवा. आणि रोजच्या वापरात हॅट त्या चिमट्यात धरून उचलू नका, दोन्ही हातांनी काठाला धरा. चिमट्याच्या टोकाला फेल्ट सगळ्यात आधी चिरतं.

प्रश्न : काठ मऊ पडून डोळ्यांवर येतो. घोंगड्याला देतात तशी चिंचोक्याची खळ चालेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : घोंगड्याला ती उत्तमच, पण हॅटला नको. खळ दमट हवेत पुन्हा मऊ होते आणि किड्यांना आयतं खाद्य मिळतं. हॅटवाले पूर्वापार लाख वापरतात. सुतारकामाच्या सामानाच्या दुकानात लाखेचा चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापुद्र्या, मिळतो. 100 मिलिलिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये 10 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा आणि ब्रशने काठाच्या फक्त खालच्या बाजूला पातळ हात द्या. दुसरा हात पहिला वाळल्यावरच द्यायचा. एकदम दाट दिला तर काठ पत्र्यासारखा होतो आणि दुमडला की तडकतो. स्पिरिटमध्ये पाणी असेल किंवा पाऊस चालू असेल, तर पांढरट डाग उठतात. फिक्या रंगाच्या हॅटला पांढरा चपडा घ्या आणि आधी घामपट्टीखाली थेंबभर लावून पाहा. गॅस बंद, खिडक्या उघड्या.

प्रश्न : हौशी नाटकासाठी रुंद काठाची लोकरी हॅट अरुंद करायची आहे. – एक वाचक, नागपूर

उत्तर : कापलेला काठ परत येत नाही, म्हणून एका वेळी पाच मिलिमीटरच कमी करा आणि आरशात बघा. जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या. तिचं एक टोक घुमटाला टेकवा, हव्या त्या अंतरावर भोक पाडा, त्यात पांढरी पेन्सिल घाला आणि पट्टी सगळीकडून फिरवा. खुणेच्या दोन मिलिमीटर बाहेरून लांब पात्याच्या कात्रीने, पातं पूर्ण न मिटता कापत जा. प्रत्येक वेळी कात्री मिटली की काठावर एक पायरी उठते. उरलेलं 400 नंबरच्या पॉलिश पेपरने खुणेपर्यंत घासा. काठाला रिबीन शिवलेली असेल, तर ती आधी टाके कापून काढा, ओढून नाही. लोकरी फेल्ट सैलसर असतं, त्यामुळे नवी कड रिबीन लावून बांधलेली बरी. सुती किंवा रेयॉनची घ्या, ती ओली करून इस्त्रीखाली वळवता येते. पॉलिएस्टरची वळत नाही.

प्रश्न : माझी अकुब्रा (ऑस्ट्रेलियन कंपनीची फेल्ट हॅट) पावसात भिजली, हीटरजवळ वाळवली, आता घट्ट होते. – एक वाचक, मेलबर्न

उत्तर : अकुब्राचं फेल्ट सशाच्या केसांचं असतं, ते सहसा फारसं आकसत नाही. आकसली आहे घामपट्टी. हॅट वाफवून काही होणार नाही. ओल्या फडक्याने पट्टी आतून दमट करा, पट्टीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त घेराचं पातेलं आत बसवा आणि दोन दिवस सोडून द्या. बाहेरची रिबीन ताणत असेल, तर आधी तीही सोडवून ठेवा. एक सेंटिमीटरहून जास्त ताण देऊ नका, मागचे टाके उसवतात. तरीही जमलं नाही, तर पट्टीच बदलावी लागेल.

उलट हॅट सैल होत असेल, तर पट्टीच्या मागे फेल्टची चिंधी घाला. दाबल्यावर दीड मिलिमीटर उरणारी चिंधी पूर्ण गोल घातली तर घेर सुमारे नऊ मिलिमीटर कमी होतो, म्हणजे जवळजवळ एक नंबर. फट फक्त कानांपाशी असेल, तर तिथेच दोन तुकडे पुरतात.

प्रश्न : कसर लागून मसुराएवढी दोन भोकं पडली आहेत. – एक वाचक, पणजी

उत्तर : आधी कसर मारा. हॅट हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर फेल्टवर दव जमतं. मग घामपट्टी उलटवून खालच्या फेल्टवरून ब्लेडने अलगद तंतू खरवडून घ्या, अगदी चिमूटभर. भोकाच्या आतून त्याच रंगाचं पातळ कापड फेव्हिकॉलने चिकटवा, वरून भोकात किंचित फेव्हिकॉल लावून तंतू दाबून भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी मऊ ब्रशने कडेचे तंतू त्यावर ओढून घ्या.